मेघियाची आमराई: धावणाऱ्या मनाचं एक जुनं प्रकरण

चालिका गावाजवळच्या चालिक पर्वतावर भगवान बुद्धांचा मुक्काम होता. सोबत एकच भिक्खू होता, मेघिय. तो तेव्हा त्यांचा उपस्थाक होता, म्हणजे पात्र-चीवर सांभाळणारा, हवं-नको पाहणारा. एके सकाळी तो जंतुगामात भिक्षेला गेला आणि जेवण झाल्यावर किमिकाळा नदीच्या काठाने फिरू लागला. तिथे त्याला एक आमराई दिसली. पाली सुत्त, म्हणजे बुद्धांच्या उपदेशाचा पाठ, तिच्यासाठी ओळीने तीन विशेषणं वापरतं: प्रसन्न, मनाजोगी, रमणीय. मेघियाच्या मनात आलं, साधना करायची तर ती इथे.

त्यानंतर काही तासांत जे घडलं ते पाली त्रिपिटकातल्या दोन ग्रंथांत, उदानात आणि अंगुत्तर निकायाच्या नवक निपातात, आलं आहे. ध्यानाला बसलं की मन चौखूर उधळतं, काय करावं, असं मला कुणी विचारलं तर मी तंत्र सांगायच्या आधी हे प्रकरण सांगतो. यात साधकाला झालेला त्रास आपल्या ओळखीचा आहे. त्याला मिळालेलं उत्तर मात्र आपण धरून चालतो त्यापेक्षा फार वेगळं आहे.

“थांब, आपण दोघंच आहोत”

मेघियाने परत येऊन परवानगी मागितली. बुद्ध म्हणाले, “थांब मेघिय, आत्ता आपण दोघंच आहोत. दुसरा कुणी भिक्खू येऊ दे.” मेघियाने दुसऱ्यांदा विचारलं आणि सोबत युक्तिवादही केला: भगवंतांना आता करायचं काही उरलेलं नाही, केलेल्यात भर घालायची नाही; मला मात्र अजून सगळं करायचं आहे. बुद्धांनी पुन्हा थांबायला सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते म्हणाले, “साधना करतो म्हणणाऱ्याला आम्ही काय म्हणावं? तुला योग्य वाटेल ते कर.”

मेघियाचा युक्तिवाद खोटा नाही, आणि म्हणूनच तो मला अस्वस्थ करतो. खरंच त्याचं काम बाकी होतं. वेळ वाया घालवू नये ही इच्छाही चांगलीच. पण बारकाईने पाहिलं तर झाडाखाली बसण्याच्या कितीतरी आधी त्याचं मन धावायला लागलेलं दिसतं. आमराई दिसली त्या क्षणी ते तिकडे गेलं, आणि शरीर त्याच्यामागून निघालं. त्या धावण्याने साधनेचं वस्त्र पांघरलं होतं, एवढंच. शेजारी साक्षात बुद्ध बसलेले असताना त्याला वाटलं की शांती नदीपलीकडे आहे. इथे नको, तिथे. आज नको, ध्यानाच्या शिबिराला जाईन तेव्हा. घरात आवाज फार, गावी जाऊन महिनाभर बसेन. आपली आमराई प्रत्येकाची वेगळी असते, पण ती कुठेतरी असतेच.

अट्ठकथेत, म्हणजे सुत्तावरच्या जुन्या पाली भाष्यात, या ठिकाणी एक नाजूक खुलासा आहे. मेघियाचं ज्ञान अजून पिकलेलं नाही हे बुद्धांना कळत होतं. मग “आपण दोघंच आहोत” असं ते का म्हणाले? त्याचं मन मऊ व्हावं म्हणून, असं अट्ठकथा सांगते. तिकडे काम फसलंच तर याने मनात कसलीही शंका न आणता, प्रेमापोटी परत यावं म्हणून. परतीची वाट त्यांनी तो निघण्याआधीच मोकळी करून ठेवली होती. मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही.

दुपार

मेघिय आमराईत एका झाडाखाली दिवसभरासाठी बसला. आणि तीन प्रकारचे विचार त्याला चिकटले: कामवितर्क, म्हणजे विषयसुखाचे, व्यापादवितर्क, म्हणजे द्वेषाचे, आणि विहिंसावितर्क, म्हणजे दुसऱ्याला इजा करण्याचे. एक हाकलला की दुसरा हजर. त्याला धक्का बसला. “आश्चर्य आहे! श्रद्धेने घर सोडून मी प्रव्रजित झालो आणि तरी या पापी, अकुशल विचारांनी मला घेरावं?”

उदानाच्या अट्ठकथेने यामागे एक कथा जोडली आहे. मागे पाचशे जन्म मेघिय राजा होता आणि त्याच जागी त्याचं उद्यान होतं. ज्या शिळेवर तो पूर्वी राजा म्हणून बसायचा तिच्यावर बसताच त्याला आपलं भिक्खुपण विसरल्यासारखं झालं. भोवती नर्तकी दिसू लागल्या, तो कामवितर्क. मग पकडून आणलेले दोन चोर समोर उभे राहिले. एकाला ठार करण्याचा हुकूम मनात आला, तो व्यापाद. दुसऱ्याला बांधून घालण्याचा आला, ती विहिंसा.

पाचशे जन्मांची गोष्ट कुणी अक्षरशः घ्यावी, कुणी घेऊ नये. निदान म्हणून ती मला पटते. धावणारं मन नव्या वाटा शोधत नाही, ते जुन्या चाकोरीतून धावतं. गाडीवाटेवर चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या असतात ना, बैल सैल सोडले तरी चाक त्यांतच जातं, तसं. रोजच्या गडबडीत या चाकोऱ्या झाकलेल्या असतात. निवांत जागी बसलं, बाहेरचा आवाज थांबला, की त्या उघड्या पडतात. शांत जागेने मेघियाला विचार दिले नाहीत, आधीच होते ते दाखवले. म्हणून पहिल्या शिबिराहून आलेला माणूस जेव्हा सांगतो, “मी तर घरी होतो तेव्हा बरा होतो, तिथे गेल्यावर डोकं जास्तच धावायला लागलं,” तेव्हा त्याचं काही बिघडलं आहे असं मला वाटत नाही. त्याला आमराई लागली आहे.

धम्मपदाच्या चित्तवग्गातल्या, म्हणजे चित्तावरच्या प्रकरणातल्या, पहिल्या दोन गाथा परंपरेने याच प्रसंगाशी जोडल्या आहेत. त्यांत चंचल चित्ताला पाण्यातून काढून कोरड्या जमिनीवर टाकलेल्या माशाची उपमा आहे. मासा तडफडतो कारण त्याचं पाणी सुटलं आहे. इथे पाणी म्हणजे पंचेंद्रियांच्या सुखाचं घर. मनाला तिथून उचलून साधनेत आणलं की ते तडफडणारच. पण लोक याच तडफडीला आपला नालायकपणा समजतात. “माझ्याच्याने ध्यान होत नाही” म्हणत उठून गेलेले किती जण मी पाहिले आहेत. मासा तडफडतोय, म्हणजे तो पाण्याबाहेर आला आहे. त्यांचं काम नुकतं सुरू झालं होतं.

मेघियाने मात्र त्या दिवशी एक गोष्ट फार चांगली केली. संध्याकाळी तो उठला, बुद्धांकडे गेला आणि काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. काम, द्वेष, हिंसा, काहीच लपवलं नाही. दोनदा थांब म्हटलेलं असताना गेलो, आता कोणत्या तोंडाने सांगू, असं त्याला वाटून तो तिथेच बसून राहिला असता तर प्रकरण तिथेच संपलं असतं. माझ्या पहिल्या शिबिरात सहायक आचार्यांनी विचारलं होतं, श्वास कळतो का? मी “हो” म्हणालो. खरं तर सकाळपासून मी एका भावकीच्या भांडणात मनातल्या मनात कोर्ट चालवत होतो. त्या खोट्या “हो”पायी माझे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी खरं सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. थोडा वेळ श्वास जरा जोरात घ्या, मग पुन्हा सहज होऊ द्या, एवढंच म्हणाले. मन तेवढ्यानेही पुष्कळ खाली बसलं.

आधी मित्र, मग श्वास

आता उपचार. मनात विचारांचं मोहोळ उठलेल्या माणसाला आज कुणीही पहिल्यांदा काय सांगेल? श्वासावर लक्ष ठेव. बुद्धांनी मेघियाला श्वासही सांगितला, पण तो फार पुढे. आधी ते म्हणाले की चित्ताची मुक्ती अजून पिकलेली नसेल तर पाच गोष्टींनी ती पिकते. पहिली, कल्याणमित्र, म्हणजे धम्माच्या वाटेवरचा चांगला सोबती. दुसरी, शील. तिसरी, मन मोकळं करणारं बोलणं, ते सहज मिळणं, कष्टाने मिळवावं न लागणं. चौथी, अकुशल सोडण्याचा आणि कुशल धरण्याचा नेटाचा प्रयत्न. पाचवी, उदय-व्ययाची प्रज्ञा, म्हणजे जे उठतं ते मावळतं हे आतून कळणं.

याच्या लगेच पुढे जे वाक्य येतं तिथे माझ्या मते या प्रकरणाची गाठ सुटते. ज्याला कल्याणमित्र आहे त्याच्याकडून उरलेल्या चारही गोष्टींची अपेक्षा करता येते: तो शीलवान होईल, त्याला ते बोलणं मिळेल, तो प्रयत्न करील, त्याला प्रज्ञा येईल. म्हणजे पाचांतली पहिली गोष्ट ही बाकीच्या चारांचं मूळ. आणि मेघिय सकाळी नेमकं तेच मूळ सोडून आमराईत गेला होता. जगातला सगळ्यात मोठा कल्याणमित्र त्याने नदीअलीकडे ठेवला होता. बुद्धांनी त्याला तू चुकलास असं म्हटलं नाही. यादीत कोणती गोष्ट पहिली ठेवली, त्यातच ते आलं.

तिसऱ्या गोष्टीवर आपण पुरेसा विचार करत नाही. सुत्तात त्या बोलण्याचे दहा विषय दिले आहेत: अल्पेच्छता, संतोष, एकांत, संसर्गापासून दूर राहणं, वीर्य (म्हणजे नेटाचा प्रयत्न), शील, समाधी, प्रज्ञा, विमुक्ती आणि विमुक्तीचं ज्ञानदर्शन. यात एकांतही आहे! एकांत म्हणजे काय हेसुद्धा आधी कुणाशी तरी बोलून समजून घ्यायचं आहे. दिवसभर कान आणि तोंड जे चरतात, त्याचाच मन आसनावर बसून रवंथ करतं. रात्री अकरापर्यंत मोबाइलवर भावकीची भांडणं, राजकारण, कुणाचं लग्न कुठल्या हॉलला झालं हे सगळं ऐकायचं आणि पहाटे पाचला श्वास शांत मिळावा म्हणायचं, हे कसं जमावं? माझा अनुभव असा, की झोपण्याआधीचा अर्धा तास बदलला की पहाटेचं बसणं आपोआप बदलतं. आसन, उशी, खोली बदलून तेवढं कधी बदललं नाही.

शीलाचंही तसंच. ज्याच्याशी खोटं बोललो तो माणूस डोळे मिटल्यावर पहिला येऊन उभा राहतो. धम्मात ध्यानाच्या आड येणाऱ्या पाच नीवरणांपैकी चौथ्याचं नाव उद्धच्च-कुक्कुच्च असं जोडनाव आहे. उद्धच्च म्हणजे मनाची उधळण, कुक्कुच्च म्हणजे केल्या-न केल्याची टोचणी. उधळणीला आणि टोचणीला एकाच दाव्याला बांधलं ते उगीच नाही.

मग बुद्ध म्हणाले, या पाचांवर उभं राहून आणखी चार गोष्टी कराव्यात: कामासक्तीसाठी अशुभभावना, म्हणजे शरीराच्या अशुद्धतेचं चिंतन, व्यापादासाठी मैत्री, वितर्क तोडण्यासाठी आनापानस्मृती, म्हणजे श्वासावरची सजगता, आणि “मी आहे” हा अहंकार उपटण्यासाठी अनित्यसंज्ञा, म्हणजे सगळं बदलतं याची जाणीव. रोगागणिक औषध. काम उसळत असेल तर त्यावर एक, द्वेष असेल तर दुसरं, आणि विषय कोणताही असो, नुसती विचारांची घोडदौड असेल तर श्वास. यातली अशुभभावना पुस्तक वाचून एकट्याने करू नये, असं मी कळकळीने सांगेन. वैशालीला भिक्खूंनी तिचा अतिरेक केला तेव्हा शरीराच्या किळसेने मोठा अनर्थ झाला, हे संयुत्त निकायात आणि विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, नोंदलेलं आहे. त्यानंतर बुद्धांनी तिथे आनापान शिकवलं आणि उपमा दिली ती ग्रीष्माच्या शेवटच्या महिन्यात अवेळी कोसळणाऱ्या मोठ्या पावसाची: उडालेली धूळ तो जागच्या जागी बसवतो. आपल्याकडे त्याला वळीव म्हणतात. मे महिन्यात तासभर वळीव पडून गेल्यावर अंगण कसं दिसतं ते ज्याने पाहिलं आहे, त्याला या उपमेवर भाष्य नको.

दावं आणि खुंटा

श्वास हातात कसा धरायचा, याचे बारकावे पाचव्या शतकात श्रीलंकेच्या अनुराधपुरात बुद्धघोषाचार्यांनी विसुद्धिमग्गात लिहिले. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी ज्याच्या संपादनावर कित्येक वर्षं घालवली तो हा ग्रंथ. त्यात मन फार पळत असेल तर आधी श्वास मोजायला सांगितलं आहे. पाचाच्या आत थांबू नये, दहाच्या पुढे जाऊ नये. पाचाच्या आत थांबलं तर अरुंद गोठ्यात कोंडलेल्या गुरांसारखं चित्त धडपडतं; दहाच्या पुढे गेलं तर ते श्वास सोडून आकड्यालाच धरून बसतं. सुरुवातीला सावकाश मोजावं, धान्य मापणाऱ्यासारखं. तो माप भरतो, “एक” म्हणत ओततो, पुन्हा भरताना काडीकचरा दिसला तर बाजूला टाकतो, पण तोंडाने “एक, एक” चालूच ठेवतो. आमच्याकडे खळ्यावर पहिल्या मापाला “एक” न म्हणता “लाभ” म्हणत. माप मोजणाऱ्या म्हाताऱ्याशी बोलायला गेलं तर तो मानेने उत्तर द्यायचा, आकडा सोडायचा नाही. विचार आला की त्याच्याशी भांडायचं नाही, त्याला काडीसारखं बाजूला ठेवायचं आणि आकडा सोडायचा नाही, हे मला त्या म्हाताऱ्याच्या आठवणीने कळलं.

दुसरी उपमा वासराची. रानटी गाईचं दूध पिऊन वाढलेलं वासरू माणसाळवायचं असेल तर गुराखी त्याला आईपासून तोडून भक्कम खुंट्याला दाव्याने बांधतो. वासरू इकडे ओढतं, तिकडे ओढतं, सुटता येत नाही म्हटल्यावर त्याच खुंट्याशी बसतं नाहीतर आडवं होतं. खुंटा म्हणजे श्वास, दावं म्हणजे स्मृती, अर्थात सजगता. गुराखी वासराला बसवत नाही, ते आपणहून बसतं. त्याचं काम दावं तुटू न देणं एवढंच. मन शांत “करायला” निघालेला साधक वासराच्या पाठीवर हात दाबून बसलेला असतो, आणि ते आणखी उड्या मारतं.

संयुत्त निकायात बुद्धांनी हीच गोष्ट आगीच्या उपमेने सांगितली आहे. चित्त उधळलेलं असेल तेव्हा धर्मविचय (धर्माची पारख), वीर्य आणि प्रीती (आनंद) या बोध्यंगांची, म्हणजे बोधीकडे नेणाऱ्या गुणांची, वेळ नसते. ती म्हणजे विझवायच्या आगीवर सुकं गवत टाकणं. तेव्हा प्रश्रब्धी (शांतवणं), समाधी, उपेक्षा (समतोल) ही ओली गवतं टाकावीत. मेघिय आमराईकडे निघाला तेव्हा त्याच्या तोंडी शब्द होता “पधान”, जोर लावून करायचा प्रयत्न. आधीच उसळलेल्या मनावर त्याने जोर टाकला.

लेण्यांतल्या खोल्या

भाजे, बेडसे, नाशिकची पांडवलेणी, अजिंठा इथल्या विहारांत गेलात तर एक पाहा. भिक्खूच्या खोल्या लहान, एका माणसाच्या अंगाएवढ्या. कित्येकींत दगडातच कोरलेला ओटा. पण बहुतेक खोल्यांची दारं मधल्या एकाच दालनात उघडतात. एकांत आणि सोबत यांच्यातलं अंतर एका उंबरठ्याएवढं. मन उधळलं तर उठून चार पावलांवर कुणाला तरी सांगता यावं, अशी ती रचना मला वाटते. सह्याद्रीचा कातळ कोरणाऱ्यांना मेघियाची गोष्ट ठाऊक असणार, असं तिथे उभं राहिल्यावर नेहमी वाटतं.

विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका यांनी ब्रह्मदेशातून येऊन 1969 मध्ये मुंबईत पहिलं शिबिर घेतलं. पुढे इगतपुरीला धम्मगिरी हे साधनेचं केंद्र उभं राहिलं. त्यांच्या दहा दिवसांच्या शिबिराचा क्रम मेघियाला सांगितलेल्या क्रमाशेजारी ठेवून पाहा. सुरुवातीलाच त्रिशरण आणि शील. मग आनापान. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे शरीरावरच्या संवेदनांचा उदय-व्यय. रोज संध्याकाळी धम्मावर प्रवचन. दहाव्या दिवशी मैत्री. आणि घरी परतल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ बसा, त्याबरोबर आठवड्यातून एकदा सामूहिक साधनेला या, ही सूचना. बहुतेक जण रोजचं बसणं निदान काही महिने करतात. सामूहिक साधना पहिल्या पंधरवड्यातच सुटते. मग वर्षभराने तक्रार येते की मन पुन्हा पळायला लागलं. मी आधी विचारतो, कुणाबरोबर बसता? उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं.

नंतरचा मेघिय

उदानातलं प्रकरण बुद्धांच्या एका उद्गाराने संपतं. क्षुद्र विचार, सूक्ष्म विचार मनाच्या मागोमाग उसळत येतात. त्यांना न जाणणारा “हुरा हुरं धावति भन्तचित्तो”, भ्रमलेल्या चित्ताने या ठिकाणाहून त्या ठिकाणी धावत राहतो. जाणणारा, स्मृती असलेला, त्यांना आवरतो. धम्मपदाची अट्ठकथा सांगते की चित्तवग्गातल्या गाथा ऐकून मेघिय स्रोतापन्न झाला, म्हणजे मुक्तीच्या वाटेच्या पहिल्या टप्प्यावर पोहोचला. परंपरा हेही सांगते की पुढे उतारवयात कायमचा उपस्थाक नेमण्याची गोष्ट निघाली, तेव्हा वाटेत सोडून गेलेल्यांत मेघियाचाही उल्लेख झाला आणि ती जागा आनंदाकडे गेली.

थेरगाथेत, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंच्या गाथांच्या संग्रहात, मेघियाच्या नावावर एकच गाथा आहे. सर्व धम्मांच्या पार गेलेल्या महावीराने मला उपदेश केला, तो ऐकून मी काय केलं, हे तो त्यात सांगतो. शेवटी तीन विद्या मिळाल्या, बुद्धांचं शासन पूर्ण झालं, असंही येतं. पण त्याआधी, मधल्या ओळीत, आमराईसाठी तीनदा हट्ट धरणारा हा माणूस तीन शब्द वापरतो: “विहासिं सन्तिके सतो.” स्मृती ठेवून मी त्यांच्याजवळ राहिलो.